डोंगराचे देणे

२००६ च्या डिसेंबरात पेरूमधल्या कुस्को शहराच्या मुख्य चौकात हजाराहून अधिक गावकरी जमले. शहराच्या पूर्वेकडच्या सिनाकारा खोऱ्यात खाण येऊ घातली होती आणि तिला विरोध करायला ही माणसे डोंगर उतरून आली होती. गर्दीत पाच्चांता गावचे नासारियो तुर्पो होते. त्यांच्याबरोबर असलेल्या मानववंशशास्त्रज्ञ मारिसोल दे ला कादेना यांना वाटले, इतरांसारखीच त्यांनाही कुरणांची आणि पाण्याची काळजी असणार. ती होतीच. पण नासारियोंचे मुख्य कारण निराळे निघाले. खाण झाली तर औसंगाते चिडेल, आणि चिडला की माणसे मारेल, असे त्यांचे म्हणणे होते.

औसंगाते हा कुस्को प्रांतातला सर्वांत उंच डोंगर. नासारियो त्याच्याच पायथ्याशी राहत आणि परदेशी पाहुण्यांसाठी विधी करून चार पैसे मिळवत. त्यांच्यामागून चालणाऱ्या पाहुण्यांना औसंगाते ठाऊक होता तो आशीर्वाद देणारा, मन निवांत करणारा. माणसे मारणारा औसंगाते पर्यटन कंपन्यांच्या माहितीपत्रकांत सहसा भेटत नाही.

पदभ्रमण आणि अध्यात्म यांची सांगड घातलेल्या सहली गेल्या तीसेक वर्षांत अँडीज पर्वतात चांगल्याच रुळल्या आहेत. दिवसभर चालायचे, खिंडीत पोहोचल्यावर स्थानिक पुरोहिताच्या हातून धरतीला आणि डोंगराला नैवेद्य द्यायचा, रात्री तंबूत झोपायचे. यावर ‘संस्कृतीचा बाजार मांडला’ असा शेरा मारणे सोपे आहे. पण विधीला पैसे मोजणे ही तिथे नवी गोष्ट नाही. गावातल्या पुरोहितालाही मोबदला मिळतच आला आहे. विधी विकला जातो याचे मला फारसे वावडे वाटत नाही. विकताना त्यातून काय गाळले जाते, हे मात्र तपासून पाहण्यासारखे आहे.

डोंगराभोवतीची वाट

औसंगातेची उंची ६,३८४ मीटर. विल्कानोता पर्वतरांगेतला हा डोंगर कुस्कोहून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे आणि हवा स्वच्छ असली की शहरातूनही त्याचा पांढरा माथा दिसतो. त्याच्याभोवतीची प्रदक्षिणा सुमारे सत्तर किलोमीटरची. पाच-सहा दिवसांत ती पुरी होते. ब्राझीलकडे जाणारा आंतरसागरी महामार्ग झाल्यापासून कुस्कोहून तिंकी या गावी तीनेक तासांत पोहोचता येते. तिंकी ३,८०० मीटरवर आहे. म्हणजे चालायला सुरुवात होते तीच कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवरून.

पहिला मुक्काम उपीसला, ४,४०० मीटरवर. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. पुढे आरापाची खिंड, लाल मातीचे उतार, हिरवी-निळी तळी आणि मग ५,२०० मीटरच्या आसपासची पालोमानी खिंड. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. चार पावले टाकायची आणि थांबायचे, अशी चाल आपोआप पडते. त्यानंतर पाचेक हजार मीटरवरची काम्पा खिंड ओलांडली की उतार पाच्चांताकडे जातो. तिथेही गरम झरे आहेत. कोरडा हंगाम मे ते सप्टेंबर. दिवसा ऊन चटका देते आणि रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो.

वाटेवर झाड दिसत नाही. पिवळट इचू गवताची पठारे, त्यांवर अल्पाकांचे कळप, ओलसर दलदलीत जोडीने चरणारी अँडीजची पांढरी हंसबदके, खडकांत सशासारखे विस्काचा. सामान घोड्यांवर असते आणि घोडे गावकऱ्यांचे. त्यांना हाकणाऱ्यांना तिथे ‘आर्रिएरो’ म्हणतात. बटाटा हे इथले पीक. रात्रीच्या दहिवरात गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळवलेला बटाटा ‘चुन्यो’ म्हणून वर्षानुवर्षे टिकतो. बटाट्याच्या शेतांहून वर, चिल्लकासारख्या गावांत, फक्त जनावरे पोसता येतात; तिथे अल्पाकाची लोकर आणि मांस हीच मिळकत.

खिंडीच्या माथ्यावर दगडांची रास असते. तिला ‘आपाचेता’ म्हणतात. येणारा जाणारा तिच्यावर एक दगड ठेवतो, कोकाची पाने वाहतो. इंकांच्या काळापासूनची ही रीत स्पॅनिश इतिहासकारांनी नोंदवून ठेवली आहे. सहलीतला पुरोहित बहुधा इथेच आपले गाठोडे सोडतो.

स्थानिक माणसे खिंडी ओलांडतात, शिखरावर मात्र जात नाहीत. बर्फाच्या टापूत शापित आत्मे भटकतात आणि त्यावरचा प्रदेश डोंगराचा खासगी, अशी समजूत आहे. माथ्यावर चढाई झाली ती १९५३ मध्ये, हाइन्रिक हारर आणि त्याच्या जर्मन साथीदारांची. हारर म्हणजे ‘सेव्हन इयर्स इन तिबेट’चा लेखक. या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाला १९३९ मध्ये नंगा पर्वताहून परतताना ब्रिटिशांनी कराचीत पकडले आणि सुरुवातीला अहमदनगरच्या छावणीत काटेरी तारांआड ठेवले. पुढे डेहराडूनच्या छावणीतून १९४४ मध्ये निसटून तो तिबेटात पोहोचला. त्याच्यासाठी औसंगाते ही न जिंकलेली उंची होती. पायथ्याशी राहणाऱ्यांचा हिशेब वेगळाच होता.

तीन पाने आणि एक कागद

त्या हिशेबात मोठे डोंगर ‘आपू’ आहेत. आपू मुलखाचा धनी असतो. रानातल्या विकुन्या या त्याच्या लामा, कोल्हा त्याचा कुत्रा, कोंडोर गिधाड त्याची कोंबडी. माणसांच्या कळपांची वाढ, पाऊस, आजारपण, वाटेवरचे अपघात, सगळे त्याच्या मर्जीवर. डोंगरांतही लहानमोठे आहेत. गावामागच्या टेकडीची सत्ता गावापुरती, औसंगातेची सगळ्या कुस्को मुलखावर. पाचामामा म्हणजे धरती, ती सगळीकडे आहे. आपू मात्र ठरावीक ठिकाणचा. त्याला नाव आहे, स्वभाव आहे, इतर डोंगरांशी सोयरीक आणि भांडणे आहेत.

या सत्तेशी व्यवहार ठेवणारा तो ‘पाको’. कुणी वडिलांकडून शिकतो, कुणाला वीज निवडते. विजेच्या तडाख्यातून जो वाचला, त्याला डोंगराने बोलावले असे मानतात. पाकोंमध्येही पायऱ्या आहेत. ‘पाम्पामिसायोक’ नैवेद्य मांडतो आणि कोकाची पाने पाहून कौल सांगतो. ‘आल्तोमिसायोक’ डोंगराशी थेट बोलतो. खरे आल्तोमिसायोक आता उरले नाहीत, असे डोंगरात बऱ्याच ठिकाणी ऐकू येते. प्रत्येक पाकोजवळ विणलेल्या कापडात बांधलेले गाठोडे असते. त्यात गुरूकडून आलेले किंवा डोंगरात सापडलेले दगड असतात.

नैवेद्याला ‘देस्पाचो’ म्हणतात. पाको जमिनीवर पांढरा कागद पसरतो. कोकाची तीन अखंड पाने निवडून एकावर एक ठेवतात. या जुडग्याचे नाव ‘किंतू’. ते ओठांशी धरून त्यावर फुंकर घालायची आणि डोंगरांची नावे घ्यायची. जवळच्या डोंगरापासून सुरुवात करून दूरच्यांपर्यंत जायचे. एखादा राहून गेला तर त्याचा रोष ओढवतो. जुडगे कागदावर गोलाकार मांडले की त्यावर एकेक वस्तू येते: लामाची चरबी, लाल-काळ्या वायरुरो बिया, धान्य, मिठाई, बिस्किटे, सोनेरी-चंदेरी कागद, रंगीत लोकर, ढगांसाठी कापूस, समुद्राची शिंपली, शिशाच्या इवल्या आकृत्या. मोठ्या नैवेद्यात लामाचा वाळवलेला गर्भ असतो. वर मद्याचे शिंतोडे. मग कागद दुमडून, दोऱ्याने बांधून शेणाच्या आगीत द्यायचा आणि पाठ फिरवायची. जेवणाऱ्याकडे टक लावून पाहायचे नसते. राख पांढरी निघाली तर नैवेद्य पावला असे समजायचे.

मिठाई आणि बिस्किटे पाहून हा विधी पर्यटकांसाठी रचलेला वाटू शकतो. तसे नाही. कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात देस्पाचोचे तयार पुडे मिळतात, घरासाठी वेगळा, धंद्यासाठी वेगळा, प्रकृतीसाठी वेगळा, आणि ते घेणारे शहरातले दुकानदार आणि टॅक्सीवाले असतात. समुद्र कधी न पाहिलेल्या माणसांच्या नैवेद्यातली शिंपली तर फार जुनी. स्पेनचे लोक येण्याआधी इक्वेडोरच्या उष्ण पाण्यातले लालसर शिंपले पावसासाठी डोंगरांना वाहिले जात.

यामागचे तत्त्व ‘आयनी’. आज तू माझ्या शेतात राबलास, उद्या मी तुझ्या. जेवू घातले तर जेवू घालायचे, मदतीला मदत, आणि हिशेब सहसा डोक्यात पक्का असतो. डोंगराशीही हेच नाते. तो पाणी, गवत, वासरे देतो. त्याबदल्यात त्याला जेवायला द्यायचे. ऑगस्टमध्ये, पेरणीच्या तोंडावर, धरतीचे तोंड उघडते आणि ती भुकेली असते. तेव्हा नैवेद्य चुकवायचा नाही. चुकला तर डोंगर आपले आपण वसूल करतो. जनावर दगावते, मूल आजारी पडते, ट्रक दरीत जातो. सहलीच्या माहितीपत्रकात आयनीचे भाषांतर बहुधा विश्वाशी एकरूपता वगैरे शब्दांत होते. ज्याच्या कळपावर गारांनी घाला घातला आहे, त्याच्या दृष्टीने आयनी म्हणजे थकबाकी.

बळी, भट्टी आणि जमीनदार

डोंगराला देण्याची ही रीत नेहमीच तीन पानांवर भागत नव्हती. इंका राज्यात ‘कापाकोचा’ नावाचा सोहळा होई. त्यात निवडक मुले उंच शिखरांवर नेऊन बळी दिली जात. १९९५ मध्ये योहान राइनहार्ड यांना पेरूच्या आम्पातो शिखराजवळ (६,२८८ मीटर) गोठलेली मुलगी सापडली. ती ‘हुआनिता’ म्हणून ओळखली जाते आणि आरेकिपाच्या संग्रहालयात आहे. १९९९ मध्ये त्यांच्याच मोहिमेला अर्जेंटिना-चिले सीमेवरच्या युयायाको पर्वताच्या ६,७३९ मीटर उंच माथ्यावर तीन मुले मिळाली. युरोपात गिर्यारोहण सुरू होण्याच्या तीनेकशे वर्षे आधी इंकांचे लोक सहा हजार मीटरवर ओटे बांधत होते. पण ते काम राज्याचे होते. डोंगरांना साम्राज्याच्या बाजूने वळवून घेण्याची ती राजनीती होती. गावातल्या मेंढपाळाचा आणि त्याच्या टेकडीचा व्यवहार त्याहून जुना, आणि साम्राज्य गेल्यावरही तोच टिकला.

स्पेनच्या राजवटीने तो मोडायचा प्रयत्न केला. १६०९ च्या डिसेंबरात फ्रान्सिस्को दे आविला या पाद्र्याने लिमाच्या चौकात पूर्वजांची जपून ठेवलेली शवे आणि मूर्ती जाळल्या आणि एका पुजाऱ्याला जाहीर फटके मारवले. गंमत अशी की याच आविलाच्या खटपटीतून, १६०८ च्या सुमारास, वारोचिरी प्रांतातल्या डोंगरदेवांच्या कथांचे केचुआ भाषेतले हस्तलिखित तयार झाले. आज त्या धर्माची सर्वांत समृद्ध नोंद तीच. १६२१ मध्ये पाब्लो होसे दे आर्रियागा या जेसुइट पाद्र्याने मूर्तिपूजेच्या निर्मूलनावर पुस्तकच लिहिले. मूर्ती फोडता आल्या, शवे जाळता आली; डोंगर कसा जाळणार? विजेचा देव संत सान्तियागोच्या नावाने नांदू लागला आणि नैवेद्य रात्रीच्या अंधारात गेला.

कोय्युर रितीची यात्रा या गुंत्याचे सर्वांत मोठे रूप. ज्या सिनाकारा खोऱ्यासाठी २००६ चा मोर्चा निघाला, तिथेच ती भरते. १७८० च्या सुमारास मारियानो मायता नावाच्या मेंढपाळ मुलाला तिथे एक गोरा मुलगा भेटला आणि खडकावर ख्रिस्ताची आकृती उमटली, अशी कथा आहे. ईस्टरनंतर ५८ दिवसांनी यात्रा सुरू होते. आठ ‘राष्ट्रां’चे, म्हणजे आठ मुलखांचे, सुमारे ९०,००० लोक मावायानीपासून आठेक किलोमीटर चढून जातात, आणि नर्तकांचे ताफे दिवसरात्र नाचतात. केसाळ झगे घातलेले ‘उकुकू’, अर्धे अस्वल अर्धे माणूस, रात्री हिमनदीवर जाऊन शापित आत्म्यांशी झुंजतात आणि शिस्तही राखतात. २०११ मध्ये युनेस्कोने ही यात्रा मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवली. तिथे जाणाऱ्याला ‘तू ख्रिस्ताला आलास की डोंगराला?’ असे विचारले तर प्रश्नच नीट कळणार नाही.

विसाव्या शतकात डोंगराच्या आणि माणसांच्या मध्ये जमीनदार आला. औसंगातेच्या पायथ्याची लाउरामार्का ही मोठी लोकर-जहागीर होती. गावकरी तिथे वेठीला राबत. नासारियोंचे वडील मारियानो तुर्पो हे या जहागिरीविरुद्धच्या लढ्याचे एक पुढारी. त्यांनी वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या केल्या, लिमाच्या फेऱ्या मारल्या, तुरुंग पाहिला आणि शेकडो कागद जपून ठेवले. १९६९ च्या भूसुधारणेने जहागीर संपली. दे ला कादेना यांच्या ‘अर्थ बीइंग्ज’ (२०१५) या पुस्तकात या बापलेकांची कहाणी आहे. डाव्या पक्षांच्या इतिहासात मारियानो शेतकरी पुढारी म्हणून येतात. स्वतः मारियानो सांगत की वकिलाकडे जाण्याआधी कोकाच्या पानांचा कौल घेतला होता, औसंगातेला विचारले होते. खटला चालवण्यात डोंगरही सामील होता. इतिहासकारांनी त्यातला निम्मा भाग गाळला, तसा पुढे पर्यटनाने दुसरा निम्मा गाळला: डोंगर ठेवला, जमिनीचा लढा सोडला.

पाको झाला ‘शामान’

औसंगातेच्या उत्तरेला, अमेझॉनच्या जंगलाकडे उतरणाऱ्या दऱ्यांत केरो समाजाची गावे आहेत. वर अल्पाका, मध्ये बटाटा, खाली मका, अशा तीन थरांत त्यांचे वर्ष फिरते. १९५५ मध्ये कुस्को विद्यापीठाचे ओस्कार नुन्येज देल प्रादो यांच्या नेतृत्वाखाली संशोधकांची मोहीम तिथे गेली. तिने इंकारी या पुराणपुरुषाची कथा टिपली आणि केरो जमीनदाराच्या कबजात कसे राबतात हेही जगापुढे मांडले. काही वर्षांतच ती जहागीर सुटली. पण बाहेर पोहोचली ती मुख्यतः पहिली गोष्ट. ‘शेवटचे इंका’ ही केरोंची ओळख झाली.

ओस्कार यांचे पुत्र हुआन, तेही मानववंशशास्त्रज्ञ, पाकोंकडे शिकले आणि परदेशी साधकांना ‘अँडीजचा मार्ग’ शिकवू लागले. १९९० च्या दशकात अमेरिकन लेखकांची दीक्षाकथांची पुस्तके निघाली, कुस्कोत ‘तुरिस्मो मिस्तिको’, म्हणजे गूढवादी पर्यटन, हा शब्द रुळला, आणि केरो पाकोंना कॅलिफोर्निया आणि युरोपातून बोलावणी येऊ लागली. या शिकवणीत जड आणि हलकी ऊर्जा आली, तेजोवलय आले आणि चक्रेही आली. ही चक्रे आपल्याकडची. थिऑसफी आणि पाश्चात्त्य नवअध्यात्म असा वळसा घेऊन ती अँडीजमध्ये पोहोचली आहेत. मराठी पाहुण्याला तिथे एखादा शब्द ओळखीचा वाटला, तर ती प्राचीन संस्कृतींची नाळ असेलच असे नाही. बऱ्याचदा आपलाच माल फिरून आपल्यापुढे येतो.

नासारियोंचे आयुष्य याच वळणावर बदलले. जुलै २००१ मध्ये पेरूचे अध्यक्ष आलेहांद्रो तोलेदो यांनी माचू पिचूवर समारंभ केला. डोंगरांना नैवेद्य द्यायला जे पाको बोलावले, त्यांत नासारियो होते. मग एका पर्यटन संस्थेने त्यांना काम दिले. वॉशिंग्टनमध्ये २००४ साली उघडलेल्या अमेरिकन इंडियन राष्ट्रीय संग्रहालयाच्या केचुआ दालनासाठी ते सल्लागार म्हणून गेले. २००७ च्या जुलैमध्ये कुस्कोच्या वाटेवर गाडीच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. पाहुण्यांनी त्यांना ‘शामान’ म्हणावे याला त्यांची हरकत नव्हती. त्यातून मिळणाऱ्या पैशाने घर चालत होते. पण त्यांचा औसंगाते मोर्च्याला जाणारा औसंगाते राहिला.

पाहुण्यांसाठीचा देस्पाचो खोटा असतो, असे मी म्हणणार नाही. पाको तीच पाने निवडतो, त्याच डोंगरांची नावे घेतो, आणि डोंगर ऐकतो आहे याविषयी त्याला शंका नसते. उलट, परक्या माणसांना डोंगरात आणताना डोंगराची परवानगी घेणे ही त्याची गरज असते. पाहुण्याला काही झाले तर जबाब त्यालाच द्यायचा आहे. फरक पाहुण्याच्या बाजूने पडतो. तो जुडग्यावर फुंकर घालताना स्वतःची इच्छा, स्वतःचे दुःख, स्वतःची वाढ मनात आणतो. विधी त्याच्या अंतरंगाविषयी होतो. गावकऱ्याचा विधी बाहेरच्या कुणाविषयी असतो: त्या समोरच्या, नाव असलेल्या, लहरी धन्याविषयी. भीती गेली की धनी जातो. धनी गेला की त्याचा मुलूख, त्याचे पाणी आणि त्याच्या पोटातले खनिज हे विषयही जातात. उरते ते सुंदर दृश्य.

हिस्सा कुणाचा

म्हणून पैशाचा प्रश्न अध्यात्माबाहेरचा मानता येत नाही. माचू पिचूच्या इंका वाटेवर दिवसाला ५०० माणसांची मर्यादा आहे, त्यांत हमाल आणि वाटाडेही आले. वाट फेब्रुवारीत बंद असते, आणि हमालाच्या पाठीवर २० किलोहून जास्त ओझे देऊ नये असा कायदा २००१ मध्ये झाला. औसंगातेच्या वाटेवर असा सरकारी दरवाजा नाही. वाट गावांच्या सामाईक जमिनीतून जाते आणि गावे ठिकठिकाणी आपली पावती फाडतात. घोडे आळीपाळीने लावले जातात. चिल्लका आणि ओसेफिना या गावांची भागीदारी असलेली डोंगरी निवासांची साखळीही आहे; तिथे सामान लामांवरून जाते आणि स्वयंपाकघरात गावचीच माणसे असतात. कुस्कोच्या कार्यालयातून सगळे ठरवून, गावाकडून फक्त घोडा भाड्याने घेणाऱ्या सहलीही याच वाटेने जातात. दोन्हींत विधी तोच होऊ शकतो.

याच परिसरातला रंगीत पट्ट्यांचा विनिकुंका डोंगर २०१५ नंतर समाजमाध्यमांमुळे जगभर पोहोचला. पाच हजार मीटरवरच्या त्या कड्यावर दिवसाला हजाराहून अधिक माणसे येऊ लागली. गावातली शहरात गेलेली पोरे घोडे घेऊन परतली, आणि पायवाटेचा चिखल झाला. २०१८ मध्ये तिथल्या खडकात एका कंपनीला खाणीचा हक्क मिळाल्याची बातमी आली. ओरड झाल्यावर कंपनीने तो सोडला. २०१९ च्या डिसेंबरात औसंगाते प्रादेशिक संवर्धन क्षेत्र घोषित झाले, ६६,००० हेक्टरांहून मोठे. खाणीविरुद्ध पर्यटन कामी येते, हे यातून दिसते. मात्र डोंगराचा राग लक्षात ठेवून गावकरी बोलतात तेव्हा ते पर्यटकांच्या आवडीवर अवलंबून नसतात, हाही भाग आहे. जो डोंगर दिसायला सुंदर नाही, तोही धनी असतो.

बर्फाची थकबाकी

जगातल्या उष्णकटिबंधीय हिमनद्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक पेरूत आहेत. देशाच्या हिमनदी संशोधन संस्थेने २०२३ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार १९६२ पासून त्यांचे ५६ टक्के क्षेत्र गेले आणि सुमारे १,०५० चौरस किलोमीटर उरले. औसंगातेच्या आग्नेयेला केल्काया हे विस्तीर्ण हिमपठार आहे. लॉनी थॉम्प्सन यांनी १९८३ मध्ये तिथल्या बर्फात खोल छिद्रे पाडून सुमारे दीड हजार वर्षांच्या हवामानाची नोंद बाहेर काढली. पुढच्या दशकांत त्यांच्या डोळ्यांदेखत त्याच्या कडा मागे सरत गेल्या.

डोंगरात ही गोष्ट आकड्यांआधी पोहोचली होती. कोय्युर रितीचे उकुकू हिमनदीतून बर्फाच्या लाद्या तोडून पाठीवर खाली आणत. ते पाणी औषधी मानले जाई. या शतकाच्या सुरुवातीला, बर्फ मागे सरताना पाहून, त्यांनी लाद्या आणणे थांबवले. कुठला सरकारी हुकूम त्यामागे नव्हता. यात्रेच्या पहारेकऱ्यांनी स्वतः तो नियम घालून घेतला. औसंगाते काळा पडला की जग संपेल, असे म्हातारी माणसे सांगतात. संशोधकांनी हे अनेक गावांतून टिपले आहे. कुणी म्हणतो, लोक नैवेद्य विसरले म्हणून डोंगर रुसला. ओल्या कुरणांना कोरड्या हंगामात पाणी मिळते ते बर्फातून झिरपणारे. ते आटले की अल्पाका आटतील, हे मात्र कुणालाही पाकोला विचारावे लागत नाही.

जगाच्या एकूण उत्सर्जनात पेरूचा वाटा एक टक्काही नाही, आणि त्यात अल्पाका राखणाऱ्याचा तर काहीच नाही. पालोमानी खिंडीत कोकाचा जुडगा हातात धरून बसलेला पाहुणा अर्धे जग विमानाने ओलांडून आलेला असतो. आयनीचा हिशेब खरोखर मांडला तर या वर्तुळात सर्वांत मोठा देणेकरी तोच निघेल. पाको तसे म्हणत नाही. पाहुणचाराची रीत आड येते, आणि धंद्याचीही.

अशा सहलीला जाऊ नये, असा याचा अर्थ नाही. महाराष्ट्रातूनही आता माणसे माचू पिचूपर्यंत जातात. त्यांतल्या काहींची पावले औसंगातेकडे वळतील. त्यांनी दोन-तीन दिवस कुस्कोत उंचीची सवय करून घ्यावी आणि कोकाची पाने तिथेच चघळून संपवावीत. १९८५ च्या आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्यात या पानाचे नाव आहे. सहल ठरवताना देस्पाचोचा दिवस कोणता एवढेच न विचारता, वाट कोणत्या गावांच्या जमिनीतून जाते, पाको कुठला आणि त्याला किती मिळते, घोडेवाल्याची मजुरी कोण ठरवते, हेही विचारावे. आणि खिंडीत नावे घेतली जातील तेव्हा वाटाड्याला सांगून एक प्रश्न पाकोपर्यंत पोहोचवावा: हा डोंगर रागावतो कशाने? उत्तरात खाण येईल, वाळलेली तळी येतील, गेल्या वर्षी दगावलेली वासरे येतील, कदाचित पाहुण्यांनी टाकलेला कचराही येईल. ऐकायला ते प्रसन्न वाटणार नाही. पण सहलीच्या किमतीत न धरलेला, आणि डोंगराकडे खरोखर पोहोचवणारा भाग तोच आहे.